काविळीची माळ

आमच्या आबांना कावीळ झाली ती २०१६ च्या पावसाळ्यात. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. गाव अमळनेर तालुक्यात, तापीच्या अलीकडच्या अंगाला. शेतात कापूस आणि मका. मी तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. घरून फोन आला, तोही दुसऱ्याच कामासाठी. बोलता बोलता आई म्हणाली, ‘आबांचे डोळे पिवळे झालेत, माळ घातली आहे, उतरेल.’ मला त्यात काही वावगं वाटलं नाही. लहानपणी मलाही कावीळ झाली होती, मलाही माळ घातली होती आणि मी बरा झालो होतो.

शेजारच्या गावातला एक माणूस रविवारी माळा घालायचा. पैसे घ्यायचा नाही, नारळ तेवढा. तेल बंद, हळद बंद, उसाचा रस आणि ताक-भात चालू. आठवडाभरात माळ डोक्यावरून गळ्यात आली, गळ्यातून छातीवर. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. डोळे मात्र आणखी पिवळे होत गेले. खाज इतकी, की आबा रात्री उठून दाराच्या चौकटीला पाठ घासायचे. मग दुसरी माळ घातली. मोठी आई दवाखान्यात चला म्हणाली की आबांचं उत्तर ठरलेलं : ‘दुखस नही ना, मंग दवाखानामा कसाले जानं?’

असे सहा आठवडे गेले. सदरा अंगावर लोंबायला लागला तेव्हा वडिलांनी त्यांना जवळजवळ ओढतच जळगावला नेलं. सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली, पित्ताशय फुगलेलं आणि स्वादुपिंडाच्या डोक्याशी एक गाठ. त्या रात्री वडिलांनी मला फोनवर विचारलं, ‘स्वादुपिंड कुठं असतं रे?’ मला सांगता आलं नाही. मी फोन ठेवून शोधायला लागलो.

तेव्हापासून जे वाचत गेलो, त्यातून हा लेख झाला. पिवळ्या रंगामागे किती वेगवेगळे आजार लपलेले असतात आणि ते एकमेकांपासून सोडवायला माणसाला किती काळ लागला, त्याचा हा इतिहास आहे.

माळ लांब का होते?

आधी माळेचंच बघू. वनस्पतीच्या देठांचे किंवा मुळांचे छोटे तुकडे दोऱ्याच्या सरकगाठींत अडकवून ही माळ करतात. तुकडे वाळतात, आक्रसतात, गाठी ढिल्या होतात आणि दोरा मोकळा होत जातो. माळ लांबते ती यामुळे. ती माणसाच्या गळ्यात असो, माठाच्या गळ्यात असो की खुंटीला टांगलेली असो, लांबतेच. मी नंतर एक माळ मिळवून माठाला घालून पाहिली. माठाचीही कावीळ उतरली.

पण मग इतके लोक बरे कसे होतात? कारण आपल्याकडच्या बहुतेक काविळी दूषित पाण्यातून येतात आणि त्यातल्या बहुतेक काही आठवड्यांत आपोआप बऱ्या होतात. त्या काळात गळ्यात जे असेल त्याला श्रेय मिळतं. माळ घालणारा माणूस लबाडच असतो असंही नाही. त्याने शेकडो माणसं बरी होताना खरोखर पाहिलेली असतात. बरी न झालेली माणसं परत येऊन त्याला सांगत नाहीत, एवढंच.

पिवळा रंग येतो कुठून?

आपल्या रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की त्यांच्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. यकृत ते उचलतं, पाण्यात विरघळेल असं करतं आणि पित्तातून आतड्यात सोडतं. पित्तनलिका आतड्यात शिरण्याआधी स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते. मळाला तपकिरी रंग येतो तो या पित्तामुळे.

म्हणजे गाडी तीन ठिकाणी अडू शकते. एक, लाल पेशीच जास्त मोडल्या तर. सातपुड्यातल्या पाड्यांवर आढळणाऱ्या सिकलसेलमध्ये हे होतं. दोन, यकृतच आजारी पडलं तर. तीन, यकृताच्या पुढची नळी तुंबली तर, मग ती खड्याने तुंबो की गाठीने. तिन्हीत डोळे पिवळेच होतात. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर पिवळे डोळे हा एरर मेसेज आहे. काहीतरी बिघडलंय एवढं तो सांगतो. काय बिघडलंय ते कळायला लॉग वाचावा लागतो.

आणि हा लॉग वाचायला आपल्याकडे फार पूर्वी सुरुवात झाली होती. चरकसंहितेत पांडुरोगाच्या अध्यायात कामलेचे, म्हणजे काविळीचे, प्रकार सांगितले आहेत. त्यातल्या एकात पित्ताची वाट अडलेली असते आणि रोग्याचा मल तिळाच्या कुटासारखा पांढुरका होतो, असं वर्णन आहे. आज डॉक्टर ज्याला ऑब्स्ट्रक्टिव्ह जॉन्डिस म्हणतात, त्याचंच हे लक्षण. रक्ततपासणी नाही, सोनोग्राफी नाही, तरी दोन काविळी वेगळ्या आहेत हे कुणीतरी नुसतं नीट पाहून ओळखलं होतं. आबांचा मल सहा आठवडे पांढऱ्या मातीसारखा होता. त्यांना ते माहीत होतं, पण कुणी विचारलं नाही आणि त्यांनी लाजेने सांगितलं नाही.

प्रयोगशाळेत हा फरक मोजता येऊ लागला तो १९१६ च्या सुमारास. नेदरलँड्समधल्या व्हॅन डेन बर्ग या डॉक्टरने दाखवलं, की यकृतातून गेलेलं आणि न गेलेलं बिलिरुबिन रसायनाला वेगवेगळा प्रतिसाद देतं. तुमच्या लॅब रिपोर्टवर ‘डायरेक्ट’ आणि ‘इनडायरेक्ट’ अशा दोन ओळी असतात, त्या तिथून आल्या.

पाण्याची कावीळ

१९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत काविळीची मोठी साथ आली. यमुनेच्या पुरानंतर सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं होतं. सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. ही ‘हिपॅटायटिस ए’ची साथ असणार, असं पुढची वीस-पंचवीस वर्षं धरून चाललं होतं.

मग १९८० मध्ये दिल्लीच्या त्या साथीतले जपून ठेवलेले रक्ताचे नमुने, अहमदाबादच्या १९७५-७६ च्या साथीतले आणि पुण्याच्या १९७८-७९ च्या साथीतले नमुने पुन्हा तपासले गेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतले शास्त्रज्ञ या कामात होते. ना ए निघाला, ना बी. त्याच सुमारास काश्मीरमधल्या साथीवरून डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनीही स्वतंत्रपणे हेच सांगितलं. या नव्या विषाणूला पुढे ‘हिपॅटायटिस ई’ हे नाव मिळालं. बहुतेकांना तो काही आठवड्यांत सोडतो, गरोदर बाईला मात्र जिवावर बेतू शकतो. म्हणजे पाण्याच्या काविळीतही दोन काविळी निघाल्या.

यकृताची कावीळ आणि मक्याचं कणीस

१९७४ मध्ये आपल्या शेजारी, गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात, आदिवासी गावांमधून कावीळ आणि पोटात पाणी होण्याच्या बातम्या येऊ लागल्या. ही साधी साथ वाटत नव्हती. लहान बाळांना होत नव्हती, शहरात होत नव्हती आणि घरातली कुत्रीही त्याच आजाराने मरत होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने शोध घेतला तेव्हा दोष मक्यात सापडला. काढणीच्या वेळी अवेळी पाऊस झाला होता, कणसं ओलीच साठवली गेली आणि त्यांच्यावर अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी चढली. तिचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. नोंदलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ जण गेले.

या विषाचा शोध त्याआधी १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लागला होता. तिथे एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी अचानक मेले आणि कारण निघालं त्यांच्या खाद्यातली बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड. थोडं थोडं अफ्लाटॉक्सिन वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो, हे पुढे सिद्ध झालं. भाजून किंवा शिजवून ते पुरतं जात नाही. आमच्या घरी मका आणि शेंगदाणे दोन्ही कोठीत असतात. भिजलेल्या पोत्यातले खवट, काळपट दाणे ‘चटणीत चालतील’ म्हणून बाजूला ठेवायची सवय खानदेशात अनेक घरांत आहे. ती सोडायला हवी, एवढं मी घरी सांगून ठेवलंय.

यकृताच्या कर्करोगाचं दुसरं मोठं कारण म्हणजे हिपॅटायटिस बी. हा पाण्यातून येत नाही. रक्तातून, सुईतून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला येतो. बारूच ब्लुमबर्ग यांना १९६० च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात त्याची खूण सापडली. १९७६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण हा विषाणू कर्करोगापर्यंत नेतो हे पक्कं केलं तैवानमध्ये पामर बीस्ली यांनी. त्यांनी २२,७०७ पुरुषांवर काही वर्षं लक्ष ठेवलं आणि १९८१ मध्ये निष्कर्ष मांडला : ज्यांच्या शरीरात हा विषाणू मुक्काम करून आहे, त्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या २०० पटींहून जास्त.

तैवानने १९८४ मध्ये बाळांना लस द्यायला सुरुवात केली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग जवळजवळ निम्म्यावर आला. कर्करोग लसीने टळतो, हे जगाने पहिल्यांदा पाहिलं ते असं. भारतात ही लस आयात व्हायची आणि महाग होती. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस बाजारात आणली आणि किंमत कोसळली. २०११ पर्यंत ती देशभरच्या सरकारी लसीकरणात आली. आज तिचा पहिला डोस बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत देतात.

झालेल्या कर्करोगावरही यकृताच्या बाबतीत थोडी जागा असते, कारण हा अवयव कापला तरी पुन्हा वाढतो. गाठ लहान असेल तर तेवढा भाग काढतात, सुईने जाळतात किंवा तिची रक्तवाहिनी बंद करून तिथेच औषध सोडतात. यकृतच खराब असेल तर प्रत्यारोपण. थॉमस स्टार्झल यांचं यकृत प्रत्यारोपण १९६७ मध्ये यशस्वी झालं. पण कर्करोगात ते कुणाला करावं हे कळायला १९९६ उजाडलं. मिलानच्या डॉक्टरांनी नियम घातला : पाच सेंटिमीटरपर्यंतची एक गाठ, किंवा तीनपर्यंत गाठी आणि प्रत्येक तीन सेंटिमीटरच्या आत. हा नियम आजही वापरतात. थोडक्यात, सगळं गाठ लवकर सापडण्यावर आहे. म्हणून हिपॅटायटिस बी किंवा सिरॉसिस असलेल्यांना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायला सांगतात.

न दुखणारी कावीळ

आता आबांची कावीळ. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून असतं. हाताला लागत नाही आणि सुरुवातीला दुखतही नाही. त्याच्या डोक्याकडच्या भागात गाठ झाली तर ती पित्तनलिका दाबते आणि कावीळ होते. विचित्र वाटेल, पण डोक्याकडच्या भागात गाठ झालेला रुग्ण त्यातल्या त्यात नशीबवान, कारण त्याला निदान पिवळे डोळे तरी इशारा देतात. शेपटीकडच्या गाठीचा पत्ता बहुतेकदा ती पसरल्यावरच लागतो.

स्वित्झर्लंडमधले सर्जन लुडविग कूर्व्हाझिए यांनी १८९० मध्ये पित्तनलिकेच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. त्यांचं निरीक्षण असं : नळी खड्याने तुंबली असेल तर पित्ताशय सहसा फुगत नाही, दुसऱ्या कारणाने तुंबली असेल तर फुगतं. म्हणून कावीळ आहे, दुखत नाही आणि फुगलेलं पित्ताशय हाताला लागतंय, तर खड्यापेक्षा गाठीचा संशय आधी घ्यावा. आजही वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना हा नियम पाठ असतो. आबा ज्या ‘न दुखण्या’वर विसंबून होते, तेच न दुखणं सव्वाशे वर्षांपासून धोक्याची खूण मानलं जात होतं.

निदान झालं तरी करायचं काय? १९०९ मध्ये बर्लिनमध्ये वाल्टर काउश यांनी अशा रुग्णावर दोन टप्प्यांत मोठी शस्त्रक्रिया केली. ती फारशी कुणी पुढे नेली नाही. १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या अ‍ॅलन व्हिपल यांनी आपल्या तीन शस्त्रक्रिया प्रसिद्ध केल्या आणि तेव्हापासून ती व्हिपलच्या नावाने ओळखली जाते. यात स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय आणि नळीचा तुकडा काढतात आणि उरलेलं स्वादुपिंड, नळी आणि जठर पुन्हा आतड्याला जोडतात.

सुरुवातीला ती दोन टप्प्यांत का करायचे? कारण पित्त आतड्यात पोचलं नाही तर व्हिटॅमिन के शोषलं जात नाही आणि रक्त गोठत नाही. काविळीचा रुग्ण टेबलवरच रक्त जाऊन दगावायचा. म्हणून आधी पित्ताला वाट करून द्यायची, काही आठवडे थांबायचं आणि मग मोठं काम करायचं. व्हिटॅमिन के सापडल्यावर हा अडसर बराच दूर झाला.

तरी गाठ दिसत नव्हती. ती दाखवली एका इंजिनिअरने, हे वाचून मला बरं वाटलं. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड ना डॉक्टर होते, ना पदवीधर. इएमआय कंपनीत ते काँप्युटर बनवायचे. वेगवेगळ्या कोनांतून क्षकिरण सोडून, मोजमापं गणिताने जुळवून, शरीराचा आडवा छेद काढता येईल हे त्यांनी करून दाखवलं. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. १९७९ मध्ये हाउन्सफिल्ड यांना अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासह नोबेल मिळालं. पोट न उघडता स्वादुपिंड बघायची सोय अशी झाली.

विदर्भ एक्सप्रेस

आबांना घेऊन वडील आणि मी विदर्भ एक्सप्रेसने निघालो. रात्री जळगावहून बसलं की सकाळी दादर. खानदेशातल्या कितीतरी घरांना ही वाट ठाऊक आहे. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचे फूटपाथ, हातात फायलींच्या पिशव्या. टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्या दुःखातून त्याची कल्पना निघाली. १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे.

सगळ्यांनी परळलाच का यायचं, याला एक कारण आहे. स्वादुपिंडाचा कर्करोग आपल्याकडे पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी दिसतो. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ पासून आणि बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासून चालू आहे, त्यातून हे कळतं. पण आजार विरळ असला की तालुक्याच्या डॉक्टरला तो वर्षानुवर्षं दिसत नाही आणि सर्जनचा हातही बसत नाही. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, या शस्त्रक्रिया क्वचित करणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूचं प्रमाण १६.३ टक्के होतं, तर भरपूर करणाऱ्या रुग्णालयांत ३.८ टक्के. शस्त्रक्रिया तीच, फरक सरावाचा.

पैशाचा प्रश्न काही प्रमाणात सुटला होता. राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होतं; पुढच्या वर्षी ती राज्यभर झाली. आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे आणि कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन तिच्यात येतं.

आबांची गाठ मात्र मोठ्या रक्तवाहिनीला वेढून बसली होती. शस्त्रक्रिया होणार नव्हती. निदानाच्या वेळी शस्त्रक्रिया करण्याजोगे रुग्ण शंभरात पंधरा-वीसच असतात. डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेत एक बारीक नळी, स्टेंट, बसवला. ही युक्ती १९८० च्या सुमारास हॅम्बुर्गमधून पुढे आली. चार-पाच दिवसांत खाज थांबली. कित्येक आठवड्यांनी आबा रात्रभर झोपले. मग केमो. त्यानंतर ते सात महिने होते. अक्षय्य तृतीयेला, आमच्या आखाजीला, मोठ्या आईने खापरावरचे मांडे केले. त्यांनी अर्धा खाल्ला. जूनमध्ये गेले.

सहा आठवडे लवकर गेलो असतो तर? हा प्रश्न वडील अजून विचारतात. मी खोटं उत्तर देत नाही. कदाचित गाठ तेव्हाही वाहिनीला लागलेलीच असती. मनोहर पर्रीकरांचं निदान फेब्रुवारी २०१८ मध्ये झालं. आयआयटीत शिकलेले मुख्यमंत्री, मुंबई, अमेरिका, दिल्ली, सगळीकडे उपचार. तरी १७ मार्च २०१९ ला ते गेले. अमेरिकेतही या रोगाचे शंभरातले साधारण तेरा रुग्ण पाच वर्षं जगतात. दिरंगाई हे एकच कारण कधीच नसतं. पण एक गोष्ट मात्र नक्की. ते सहा आठवडे आबांनी खाजेत, उपाशी, जागून काढले आणि ती खाज थांबवायचा उपाय जळगावपासून एका रात्रीच्या प्रवासावर होता. तेवढं तरी आम्ही त्यांना देऊ शकलो असतो.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या पोराचे डोळे पिवळे झाले. त्याची आई माळेसाठी निघाली होती. मोठ्या आईने तिला ओट्यावर बसवून घेतलं आणि विचारलं, ‘खाज सुटस का? पोट दुखस का? आनि संडासना रंग कसा शे?’ पोराला ताप होता, मळाचा रंग नेहमीचा होता. तरी मोठी आई स्वतः त्याला घेऊन अमळनेरला गेली आणि रक्त तपासून आली. हिपॅटायटिस ए निघाला. महिन्याभरात पोरगं शाळेत जायला लागलं.

माळ त्याच्या आईने घातलीच. मोठी आई म्हणाली, घालू दे, रिपोर्ट आपल्याकडे आहे.